‘आवाज येतोय का?’च्या पुढचा तास

ऑनलाइन तासाचं एखादं जुनं रेकॉर्डिंग उघडून पाहा. पहिली चार-पाच मिनिटं ‘आवाज येतोय का?’ आणि ‘स्क्रीन दिसतेय का?’ यातच गेलेली असतात. चॅटमध्ये कुणीतरी ‘येस सर’ टाकतं, मग पाऊण तास सर स्लाइड वाचतात, आणि शेवटी ‘काही शंका?’ म्हणून तीन सेकंदांत ‘ठीक आहे, उद्या भेटू’ होतं. तासभरात मुलांना विचारलेल्या ज्या एकमेव प्रश्नाला उत्तर आलं, तो आवाजाचा होता.

२०२०च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली तेव्हा हे असंच होणार होतं. जन्मात कॅमेऱ्यासमोर न बसलेल्या प्राध्यापकांना आठवडाभरात घरातल्या भिंतीला पाठ लावून शिकवायला बसावं लागलं. त्या धांदलीला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण धांदल संपली आणि ऑनलाइन शिक्षण राहिलं. केंद्र सरकारचं ‘स्वयम्’ हे व्यासपीठ जुलै २०१७पासून होतंच. २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’वरून करायला आणि त्यांचे क्रेडिट धरायला मुभा दिली. त्याच वर्षी मे महिन्यात मिश्र अध्यापनाचा मसुदा आला. कोणत्याही विषयाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवता येईल, असं त्यात सुचवलं होतं. थोडक्यात, अडचणीत केलेली सोय आता घरात मुक्कामाला आली आहे. तेव्हा ती नीट मांडायला हवी.

नांदेड-लातूरकडे तर ती जास्तच नीट मांडायला हवी. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिदिनी, स्थापन झालं. मुख्य परिसर नांदेडजवळ विष्णुपुरीला, उपकेंद्र लातूरला, आणि पसारा नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली असा चार जिल्ह्यांचा. किनवट-माहूरच्या मुलाला विद्यापीठ गाठायचं तर सव्वाशे-दीडशे किलोमीटरचा प्रवास. दुसऱ्या टोकाला देवणी आणि औराद शहाजानी, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. कॉलेजात नाव आहे, पण दिवसा मोंढ्यात हिशेब लिहितो, पंपावर ड्यूटी करतो किंवा सोयाबीन काढणीच्या दिवसांत शेत सोडू शकत नाही, असे विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतात. लग्न होऊन सासरी गेलेल्या, पण पदवी पुरी करायची जिद्द असलेल्या मुली असतात. यांच्यासाठी ऑनलाइन तास ही चैन नाही. म्हणून ‘ऑनलाइन हवं की नको’ या वादात मला फारसा रस वाटत नाही. त्या तासात विद्यार्थ्याला नेमकं काय करायला लावलं, एवढंच मी विचारतो.

आता जरा लातूरचंच उदाहरण घेऊ. दयानंद महाविद्यालय १९६१चं, राजर्षी शाहू महाविद्यालय १९७०चं. या आणि अशा संस्थांमधून पुढे जो ‘लातूर पॅटर्न’ नावारूपाला आला, त्याच्यावर बोलताना लोक दोनच गोष्टी बोलतात: गुणवत्ता यादी आणि घोकंपट्टी. पॅटर्नचं यंत्र आत कसं चालायचं, हे क्वचितच कुणी सांगतं. थोडा भाग शिकवायचा, लगेच त्यावर चाचणी, पेपर तपासून हातात, चुका कुठे झाल्या त्याची चर्चा, आणि त्याच भागावर पुन्हा चाचणी. शिकवण्याच्या बरोबरीने सोडवून घेण्यावर भर. यातून परीक्षेपुरतं ज्ञान तयार होतं, हा आक्षेप निम्मा खरा आहे. पण चाचणीने नुसतं मोजमाप होत नाही, चाचणी देतानाच माणूस शिकतो, ही गोष्ट लातूरच्या मास्तरांनी अनुभवाने हेरली होती.

मानसशास्त्राने ती प्रयोगाने दाखवली. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. त्यानंतर काहींनी तो पुन्हा वाचला, तर काहींनी कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र फिरलं: आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के मजकूर सांगता आला, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. व्हिडिओ दुसऱ्यांदा पाहणं हे पुन्हा वाचण्यासारखंच. पाहताना सगळं कळल्यासारखं वाटतं आणि आठवड्याने हाताशी काही उरत नाही.

गंमत अशी, की ज्या भागाने चाचणी आणि चुकांची चर्चा यांच्या जोरावर नाव कमावलं, तिथला ऑनलाइन तास वर्गातून फक्त व्याख्यान उचलून घेऊन गेला. बाकीचं यंत्र लातूरच्या शिकवण्यांच्या ‘ट्यूशन एरिया’तच राहिलं.

दुसरी जमेची बाजू महाराष्ट्रातच, नाशिकला पडून आहे. १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं, राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद. नांदेडला त्याचं विभागीय केंद्र आहे. या विद्यापीठाची जुनी पुस्तकं रद्दीत मिळाली तर चाळून पाहा. नेहमीच्या पाठ्यपुस्तकापेक्षा त्यांचा बांधा वेगळा आहे. घटकाच्या सुरुवातीला ‘हा घटक वाचल्यावर तुम्हाला काय करता येईल’ ते सांगितलेलं. दोन-तीन पानांनंतर मजकूर थांबतो आणि स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न येतात. लिहायला मोकळी जागा. उत्तरं घटकाच्या शेवटी, म्हणजे आधी स्वतः लिहायचं आणि मग पडताळायचं. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने १९७१मध्ये पहिले विद्यार्थी घेतले, तेव्हापासून दूरशिक्षणाच्या पुस्तकांची ही घडण जगभर रुळलेली आहे. कागद बोलू शकत नाही, हे माहीत असल्यामुळे त्या लेखकांनी कागदाला प्रश्न विचारायला शिकवलं. व्हिडिओ बोलतो, आणि बोलतो म्हणूनच बहुधा आपण त्याला प्रश्न विचारायला शिकवायचं विसरलो.

इथे नांदेडचा माणूस हटकून एक हरकत घेईल. नरहर कुरुंदकरांचं व्याख्यान लोक दोन-दोन तास जागचे न हलता ऐकत, तिथे कुठे होती स्वाध्यायाची मोकळी जागा? पीपल्स कॉलेजात कुरुंदकर शिकवत आणि पुढे तिथलेच प्राचार्य झाले. त्यांच्या बोलण्याची मोहिनी ज्यांनी अनुभवली ते अजूनही ती सांगताना थकत नाहीत. हरकत रास्त आहे. पण चांगला वक्ता समोरची तोंडं वाचत बोलतो. एखाद्याच्या कपाळावर आठी दिसली की दाखला बदलतो, कुणी मान डोलावली की पुढे सरकतो, कुणाला झोप लागतेय असं दिसलं की चिमटा काढतो. श्रोता गप्प असतो तरी तो उत्तर देत असतो. कॅमेरे बंद केलेल्या साठ चौकोनांसमोर तेच व्याख्यान दिलं तर हा धागाच तुटतो. दोष व्याख्यानाचा नाही. समोरचा दिसत नसताना दिलेल्या व्याख्यानाचा आहे.

मायकेल मूर या दूरशिक्षणाच्या अभ्यासकाने १९८९ साली एका छोट्या लेखात शिकणाऱ्याचा संवाद तीन प्रकारचा असतो असं मांडलं: विषयाशी, शिक्षकाशी आणि सोबतच्या शिकणाऱ्यांशी. त्याचं दुसरं म्हणणं असं, की अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नसतं. विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यात समजुतीची जी पोकळी राहते, ते खरं अंतर. ही पोकळी शेवटच्या बाकावर बसलेल्या मुलाच्या बाबतीतही असते, हे शिकवण्याचा अनुभव असलेला कुणीही कबूल करेल.

व्हिडिओच्या बाबतीत एक आकडा फार मिरवला जातो, सहा मिनिटांचा. २०१४ साली फिलिप गुओ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एडएक्स या ऑनलाइन व्यासपीठावरच्या चार अभ्यासक्रमांतल्या ६९ लाख व्हिडिओ-पाहणीच्या नोंदी तपासल्या. व्हिडिओ कितीही लांब असो, पाहणाऱ्यांचा मध्यक वेळ सहा मिनिटांच्या पुढे जात नव्हता. मग काय, ठिकठिकाणी पन्नास मिनिटांच्या रेकॉर्डिंगचे आठ तुकडे पाडण्याचा सपाटा सुरू झाला. तुकडे पाडल्याने फाइल लहान होते, तासाची घडण तीच राहते. ज्याला एक सलग कंटाळा यायचा, त्याला आता तो आठ हप्त्यांत येतो. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त कामाची वाटते: झगमगीत स्टुडिओत काढलेल्या व्हिडिओपेक्षा टेबलाशी बसून, कागदावर किंवा टॅबवर हाताने लिहीत, एखाद्याला समजावून सांगावं तसं केलेलं चित्रण लोक जास्त वेळ पाहत होते. म्हणजे कॉलेजला स्टुडिओसाठी निधी आला नाही म्हणून अडून बसायचं कारण नाही. उंच ठेवलेल्या डब्यांवर मोबाइल पालथा धरून खाली वहीवर लिहिलं तरी काम भागतं.

महत्त्वाची बाब त्यापुढची आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या केन कोडिंगरने २०१५ साली एका ऑनलाइन मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमाची आकडेवारी मांडली. जास्तीचा व्हिडिओ पाहण्याने किंवा जास्तीचं वाचन करण्याने जेवढी भर पडत होती, त्याच्या सहापटीहून अधिक भर जास्तीचे स्वाध्याय सोडवण्याने पडत होती. आणि वर्गातल्या शिकवण्याबाबतही हेच दिसतं. विज्ञान-गणित-अभियांत्रिकीतल्या २२५ अभ्यासांचा आढावा स्कॉट फ्रीमन यांनी २०१४ साली घेतला. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात नापासांचं सरासरी प्रमाण ३३.८ टक्के होतं, मुलांकडून काही करवून घेणाऱ्या वर्गात २१.८ टक्के.

आपल्याकडे यावर विचार झाला नाही असं नाही. आयआयटी मुंबईच्या साहना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि सहकाऱ्यांनी शिकणाऱ्याला मध्यभागी ठेवून ऑनलाइन अभ्यासक्रम रचण्याची एक पद्धत बसवली आणि ती हजारो अभियांत्रिकी शिक्षकांना शिकवली. तिच्यातल्या व्हिडिओला ते व्याख्यान म्हणतच नाहीत, संवाद म्हणतात. त्यात ठरावीक जागी शिक्षक थांबतो. ‘आता व्हिडिओ थांबवा, वहीत हे उत्तर लिहा, आणि मगच पुढे चला.’ परत सुरू केल्यावर तो ‘तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी असं लिहिलं असेल’ म्हणून पुढचं बोलतो. लगेच त्यावर करून पाहण्याचा स्वाध्याय, चुकेल तिथे का चुकलं याचं उत्तर. ज्याला पुढे जायचंय त्याच्यासाठी वेगळी वाट, ज्याला मागचं पक्कं करायचंय त्याच्यासाठी वेगळी. आणि चर्चेची जागा मोकळी न सोडता तिला नेमका विषय दिलेला. ‘काहीही विचारा’ म्हटलं की कुणीच काही विचारत नाही, हा अनुभव सगळ्यांचा आहे.

हे सगळं प्रत्यक्षात कसं उतरवायचं? एक घटक घेऊन पाहू. भूगोलाच्या पदवी अभ्यासक्रमातला भूजलाचा घटक घेतो, कारण लातूरकरांना पाण्याचं महत्त्व सांगावं लागत नाही. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं शहर आहे ते.

नेहमीच्या तासात काय होतं? ‘भूजल म्हणजे काय’ याची व्याख्या, जलचक्राची आकृती, सच्छिद्रता आणि पार्यता, मग खडकांचे प्रकार, मग महत्त्व, मग उपाययोजना. पंचेचाळीस मिनिटं. मुलं उतरवून घेतात, किंवा स्क्रीनशॉट मारतात.

आता हाच घटक उलट्या बाजूने. तासाच्या दोन दिवस आधी ग्रुपवर एकच प्रश्न जातो: ‘तुमच्या गावात जमिनीखाली पाणी कसं साठलेलं असतं असं तुम्हाला वाटतं? चित्र काढून फोटो पाठवा.’ शिकवण्याआधीच. चूक-बरोबर काही नाही. माझी खात्री आहे की निम्म्या चित्रांत जमिनीखालून वाहणारी नदी असेल आणि उरलेल्यांत मोठं तळं. पाणाड्या हातावर नारळ ठेवून ‘इथं झरा आहे’ म्हणतो, ते ऐकतच ही मुलं वाढलेली असतात. ही चित्रं हाच पुढच्या तासाचा कच्चा माल. शिक्षकाने त्यातली तीन निवडायची, नावं झाकायची आणि पाच मिनिटांच्या चित्रणात त्यांच्यावर बोलायचं: इथल्या काळ्या पाषाणात असं तळं का असू शकत नाही, पाणी खडकाच्या सांदी-भेगांत आणि वरच्या कुजलेल्या मुरुमाच्या थरात कसं धरलं जातं.

मग घरचा प्रयोग. एक डबा मुरुमाने काठोकाठ भरायचा, मोजून पाणी ओतायचं, किती मावलं ते लिहायचं. मग तळाला भोक पाडून किती पाणी बाहेर आलं ते मोजायचं. मावलेलं आणि बाहेर आलेलं सारखं भरत नाही, काही पाणी खड्यांना चिकटून राहतं. खडक आपल्याजवळचं किती पाणी सोडतो, हे विहिरीच्या दृष्टीने महत्त्वाचं, आणि ते मावलेल्यापेक्षा कमी असतं, एवढी एक गोष्ट हाताने कळली की व्याख्या पाठ करावी लागत नाही. डब्यातल्या सुट्या मुरुमाचा आकडा मोठा येईल. कठीण पाषाणात तो साधारण एक ते तीन टक्के एवढाच असतो.

आता प्रश्न. पावसाळ्यात विहिरीची पातळी ५ मीटर चढली. आसपासचा खडक त्याच्या आकारमानाच्या २ टक्के पाणी सोडतो. तर जमिनीत किती पाणी मुरलं? पर्याय चार: ५ मीटर, अडीच मीटर, १ मीटर, १० सेंटिमीटर. एखादा विद्यार्थी ५ मीटर निवडेल. त्याला ‘चूक, पुन्हा प्रयत्न करा’ असं लाल अक्षरात दाखवण्यात काय हशील? तो असा का म्हणतोय ते कळायला हवं: विहिरीत डोकावल्यावर त्याला खरोखरच ५ मीटर पाणी दिसतं. त्याला उत्तर असं जावं, ‘विहीर आतून पोकळ आहे, म्हणून तिथे ५ मीटर दिसतं. पण प्रश्न विहिरीभोवतीच्या एकरभर खडकाचा आहे. तिथे शंभर भागांतले अठ्ठ्याण्णव खडकानेच धरलेले आहेत.’ अडीच मीटर म्हणणाऱ्याने ५ला २ने भागलं, त्याची गडबड टक्केवारीत आहे. त्याला पाण्याबद्दल काही सांगू नका, टक्केवारीचं एक गणित द्या. १ मीटरवाल्याला पद्धत कळली आहे, शून्य हुकलं आहे. १० सेंटिमीटर हे बरोबर, पण त्यालाही मोकळं सोडायचं नाही: ‘त्या वर्षी ८०० मिलिमीटर पाऊस झाला असेल, तर मुरलेला वाटा किती? उरलेलं पाणी कुठे गेलं?’ १०० मिलिमीटर म्हणजे आठवा हिस्सा. बाकीचं ओढ्याने वाहून गेलं, वाफ झालं, पिकाने प्यालं. मग तो पोरगा आपणच विचारतो, की ओढ्याचं पाणी अडवलं तर? उपाययोजनेची स्लाइड इथे पाठ करायची गरज संपली.

असे चार पर्याय आणि चार उत्तरं लिहायला शिक्षकाला एक संध्याकाळ लागते. हे काम गुगल फॉर्मवर होतं, मूडलवर होतं. साधन कुठलं यावर मी फार वेळ घालवणार नाही. बिल्ले, तारे, नाचणारी चित्रं, अभिनंदनाचे फुगे यांच्यावर तर अजिबात नाही. बटण दाबलं म्हणजे संवाद झाला असं नव्हे. बटण दाबण्याआधी डोक्याला काम पडलं का, आणि दाबल्यावर त्या कामाला धरून उत्तर आलं का, हे पाहायचं.

याच घटकात ऑनलाइन वर्गाची एक ताकद आहे, जी खोलीतल्या वर्गाला कधीच मिळणार नाही. विद्यार्थी चार जिल्ह्यांत विखुरलेले आहेत. हीच मोठी अडचण म्हणून आपण रडत असतो. पण प्रत्येकाच्या गावात विहीर आहे. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये नोंदवते. विद्यार्थ्यांनीही तेच करावं. कासऱ्याला दगड बांधून विहिरीत सोडायचा, दोर कुठवर ओला झाला ते पाहायचं, काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजायचं. कठडा नसलेल्या विहिरीवर एकट्याने जायचं नाही, हे सूचनेत पहिल्या ओळीला हवं. गावाचं नाव, तारीख, अंतर आणि एक फोटो, सगळ्यांच्या एका तक्त्यात.

साठ गावांचा तक्ता भरला की त्यात फरक दिसू लागतात. लातूरच्या बाजूला बेसाल्टचे थर, देगलूर-बिलोलीकडे ग्रॅनाइट. एकाच पावसात एका गावची विहीर भरते, शेजारची तशीच राहते. का? पाच-पाच जणांचे गट पाडून, प्रत्येक गटात वेगवेगळ्या तालुक्यांची मुलं घालून, हा ‘का’ त्यांच्याकडे सोपवायचा. निलंग्याच्या मुलीला बिलोलीच्या मुलाशी बोलावंच लागेल, कारण त्याच्या विहिरीचा आकडा तिच्याकडे नाही. सोबत्यांशी संवाद म्हणतात तो असा घडतो. ‘दोन मित्रांच्या पोस्टवर प्रतिक्रिया द्या, दोन गुण’ असा नियम केला की ‘नाइस’, ‘मस्त माहिती’ यापलीकडे काही येत नाही.

हे सगळं केल्यावर पहिल्या महिन्यात तक्रारी येतील. ‘सर शिकवतच नाहीत, सगळं आमच्याकडूनच करून घेतात.’ हार्वर्डमध्ये २०१९ साली लुई डेलोरिए आणि सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राच्या वर्गावर केलेला अभ्यास या बाबतीत वाचण्यासारखा आहे. ज्यांनी डोकं चालवून स्वतः सोडवलं ती मुलं चाचणीत पुढे होती. पण ‘तुम्ही किती शिकलात’ असं विचारल्यावर छान ओघवतं व्याख्यान ऐकलेल्यांनीच जास्त शिकल्याचं सांगितलं. डोक्याला त्रास झाला की आपण कच्चे आहोत असं वाटतं, ऐकताना सुख वाटलं की सगळं आलं असं वाटतं. म्हणून पहिल्याच आठवड्यात मुलांना हे उघड सांगून टाकावं. ‘अडखळाल, चिडाल, ते ठीक आहे’ असं. त्या अभ्यासकांनीही असं आधी समजावून सांगण्याचा सल्ला दिला आहे.

आणि तरीही काही गळतीलच. एमआयटी आणि हार्वर्डच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची सहा वर्षांची आकडेवारी २०१९ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात २०१७-१८ या वर्षी नाव नोंदवलेल्यांपैकी अभ्यासक्रम पुरा करणारे जेमतेम ३.१३ टक्के होते. तिथे फुकट नाव नोंदवणारे हौसे-गवसे असतात हे खरं. पण तीन आठवडे एखाद्याचं नाव कुठल्याच तक्त्यात दिसलं नाही तर त्याला फोन करण्याइतकी व्यवस्था पदवीच्या वर्गात असायला हवी. मुखेड-कंधारकडून आई-बापाबरोबर ऊसतोडीला गेलेला पोरगा ‘गैरहजर’ नसतो, फडावर असतो. त्याच्या फोनला संध्याकाळी रेंज येते आणि दिवसाचा डेटा भावंडांत वाटलेला असतो. त्याच्यासाठी व्हिडिओच्या बरोबरीने व्हिडिओतला आवाज तेवढा वेगळा काढून पाठवता येतो: दहा मिनिटांचं बोलणं ३२ केबीपीएसवर अडीच एमबीत बसतं, तर पाच मिनिटांचा साधा व्हिडिओही वीस-पंचवीस एमबी खातो. स्वाध्यायाची मुदत रात्री बाराला संपवण्याऐवजी आठवड्यावर ठेवली तर कुणाचंच बिघडत नाही.

बिघडतं ते शिक्षकाच्या बाजूला. वर सांगितलेलं सारं करायचं कुणी? मराठवाड्यातल्या अनेक महाविद्यालयांत वर्गाचा मोठा भार सीएचबीवरच्या, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर आहे. त्यांना मोबदला घेतलेल्या तासाचा मिळतो. चार पर्यायांना चार उत्तरं लिहिण्यात गेलेली संध्याकाळ, चित्रं पाहण्यात गेलेला रविवार, गळालेल्या मुलाला केलेला फोन, यांपैकी कशालाच ‘तास’ म्हणत नाहीत. अभ्यासक्रम नव्याने रचा, असे आदेश काढणाऱ्यांनी आधी या रचण्याच्या कामाला तासिकेत धरावं. नाहीतर जुनंच पीपीटी नव्या मुखपृष्ठासह परत येईल, आणि त्यात त्या प्राध्यापकाचा दोष नसेल.

शिक्षकाचा वेळ वाचवायच्या काही रीती आहेत. सव्वाशे उत्तरं प्रत्येकी तपासायची नाहीत. वीस चाळायची, त्यातल्या दोन मोठ्या चुका हेरायच्या आणि दोन मिनिटांच्या व्हॉइस नोटमध्ये सगळ्यांना सांगायच्या. लेखी उत्तर मुलांनी एकमेकांचं तपासावं, पण हातात चार ओळींचा निकष देऊन: आकडा बरोबर आहे का, एकक लिहिलं आहे का, खडकाचा उल्लेख आहे का, स्वतःच्या गावचा दाखला आहे का. आठवड्यात एकदाच थेट भेटायचं, आणि त्या वेळात नवं काहीही शिकवायचं नाही. ज्या प्रश्नावर मतं दुभंगली तोच लावून धरायचा. हार्वर्डचे एरिक माझुर १९९०च्या दशकापासून भौतिकशास्त्र असंच शिकवत आले: प्रश्न टाकायचा, मत घ्यायचं, शेजाऱ्याला पटवायला सांगायचं, पुन्हा मत घ्यायचं. बहुतेकांचं बरोबर आलं तर पुढे सरकायचं, बहुतेकांचं चुकलं तर पुन्हा समजावायचं, आणि उत्तरं अर्धी-अर्धी फुटली तर तिथेच थांबून बोलायला लावायचं.

मोठा खोडा परीक्षेचा आहे. सत्राच्या शेवटी ‘भूजलावर टीप लिहा’ असाच प्रश्न येणार असेल तर हुशार विद्यार्थी विहीर मोजायला जाणार नाही, गाइड आणेल. त्याने तसंच करावं. गुण तिथे आहेत. म्हणून अंतर्गत मूल्यमापनाचे गुण तरी तक्त्याशी बांधायला हवेत: ‘तुमच्या गटातल्या पाच विहिरींपैकी सर्वांत कमी चढलेली कोणती आणि का?’ याचं उत्तर कुठल्याही ग्रुपवर फिरून येऊ शकत नाही, कारण प्रत्येक गटाच्या विहिरी वेगळ्या.

एका व्यावहारिक अडचणीचा बंदोबस्त आधीच करून ठेवलेला बरा. हा घटक पावसाळी सत्रात असेल तर ऑक्टोबरची नोंद मुलांना मिळते, पण पाणी किती चढलं हे कळायला आधीच्या मे महिन्याचीही नोंद लागते, आणि तेव्हा ही मुलं या वर्गात आलेलीच नसतात. म्हणजे मेमधली मोजणी आधीच्या बॅचने परीक्षा आटोपता आटोपता करायची आणि तक्ता पुढच्या बॅचच्या हवाली करायचा. त्यासाठी तो तक्ता सरांच्या स्वतःच्या मेलवर असून चालणार नाही, विभागाच्या खात्यावर असायला हवा, कारण सीएचबीवरच्या सरांची पुढच्या जूनमध्ये पुन्हा नेमणूक होईलच असं नाही.